घरसंसार : पावशेर मटणात पाच जणांचा याकिसोबा



संध्याकाळी कामावरून घरी यायचे, मुले भुकेलेली, घरात पाच-सहा तोंडे आणि महिनाअखेर जवळ आलेली. अशा वेळी कोपऱ्यावरच्या चायनीज गाडीवरून दोन-तीन प्लेट नूडल्स आणायचा मोह कोणाला होत नाही? मुलेही तोच हट्ट धरतात. पण त्या पैशांत घरच्या घरी, अर्ध्या-पाऊण तासात, पोटभर आणि मांसासकट जेवण होत असेल तर ते केव्हाही चांगले. म्हणून आज जपानमधल्या कष्टकऱ्यांच्या एका पदार्थाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव याकिसोबा.

'याकि' म्हणजे भाजलेले किंवा परतलेले. 'सोबा' म्हणजे शेवया. खरे तर सोबा हा शब्द कुट्टूच्या पिठाच्या शेवयांसाठी आहे, पण याकिसोबात कुट्टू नसतो. त्यातल्या शेवया गव्हाच्या मैद्याच्याच असतात, म्हणजे आपल्याकडे पाकिटात मिळतात तशाच. डुकराचे मांस, भरपूर कोबी आणि आंबटगोड काळसर सॉस घालून त्या लोखंडी तव्यावर परततात. जपानमध्ये जत्रेत, शाळेच्या मेळाव्यात, रस्त्याकडेच्या टपरीवर हा पदार्थ हमखास दिसतो.

जपान हा बौद्ध परंपरेचा देश. तिथे डुकराचे मांस कसे, असा प्रश्न काही भगिनींना पडेल. इ. स. 675 मध्ये तेन्मू सम्राटाने बौद्ध विचारांच्या प्रभावाने मांसाहारावर बंदीचा हुकूम काढला होता. पण तो वर्षातल्या ठराविक महिन्यांपुरता आणि गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी या पाच प्राण्यांपुरता होता. रानडुक्कर आणि हरीण त्यात नव्हते. पुढे अनेक शतके मांसाला नाके मुरडण्याची रीत तिथे राहिली खरी. 1872 मध्ये मेईजी सम्राटाने स्वतः मांस खाल्ल्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतर मांसाहार उघडपणे वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तांदळाची मोठी टंचाई पडली. अमेरिकेकडून गहू आला, आणि मैद्याच्या शेवया व स्वस्त कोबी यांवर चालणाऱ्या टपऱ्या गावोगाव पसरल्या. थोडे मांस, पुष्कळ भाजी आणि पोटाला आधार देणाऱ्या शेवया असे हे गरिबीतले गणित आहे. आपल्याला ते वेगळे समजावून सांगायला नको.

मटण घेताना

डुकराचे मटण बोकडाच्या मटणापेक्षा बरेच स्वस्त पडते. पण स्वस्त म्हणून कुठूनही आणू नये. गटारीत, उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्या डुकराचे मटण घेऊच नका. वराहपालन केंद्रात, बांधून, चांगले खाणे घालून वाढवलेल्या जनावराचेच घ्या. दुकानदाराला तसे स्पष्ट विचारा. विचारण्यात कसला संकोच?

यामागचे कारण नीट समजून घ्यायला हवे. पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. मोकाट डुकराने ती विष्ठा खाल्ली की त्याच्या मांसात कृमीचे फोड तयार होतात. ते साधारण तांदळाच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे, पांढुरके आणि आत पाणी असल्यासारखे दिसतात. मटणात असे दाणे दिसले तर ते परत करा, पैसे गेले तरी चालतील. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले तर आपल्या आतड्यात पट्टकृमी वाढतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. कृमी झालेल्या माणसाने शौचानंतर हात धुतले नाहीत, किंवा मैल्याचे पाणी भाजीच्या शेतात गेले, तर ती अंडी अन्नावाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. त्यातून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत पोचून आकडी येऊ शकते. 'कोबी खाल्ल्याने डोक्यात अळी जाते' असे आपण ऐकतो, त्याचे मूळ इथे आहे. दोष कोबीचा नाही, कोबीवर आलेल्या घाणीचा आहे. म्हणूनच डुकराचे मटण कधीही न खाणाऱ्या माणसालाही हा आजार होतो. तेव्हा चार नियम पाळा. मटण आत कुठेही गुलाबी राहणार नाही इतके शिजवा. कोबीची वरची पाने टाकून बाकीची सुटी करून वाहत्या पाण्यात धुवा. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा, मुलांनाही ती सवय लावा. कच्च्या मटणाची सुरी आणि पाट भाजीला लावू नका.

साहित्य (पाच जणांसाठी)

डुकराचे बिनहाडाचे मटण, थोडी चरबी असलेले, 250 ग्रॅम. साध्या नूडल्स 300 ग्रॅम, म्हणजे 150 ग्रॅमची 2 पाकिटे. मसाल्याची पुडी असलेल्या नको. कोबी 400 ग्रॅम. 2 कांदे, 1 गाजर, 1 वाटी मोड आलेले मूग, थोडी कांद्याची पात. 1 इंच आले, 6-7 लसूण पाकळ्या. तेल 2 चमचे.

सॉससाठी : सोया सॉस 3 मोठे चमचे, टोमॅटो केचप 2 मोठे चमचे, चिंचेचा दाट कोळ 1 मोठा चमचा, किसलेला गूळ 1 लहान चमचा, मिरपूड अर्धा लहान चमचा.

जपानमध्ये याकिसोबाचा तयार सॉस बाटलीत मिळतो. तो इंग्रजांच्या वूस्टर सॉसच्या धर्तीवर बनलेला आहे, आणि मूळ वूस्टर सॉसमध्ये चिंच असतेच. तेव्हा चिंच-गुळाचा आपला मेळ इथे मुळीच परका नाही. महागडी बाटली आणण्याची गरज नाही. मोडाचे मूगही तिथे घालतातच.

कृती

1) मटण धुऊन मोठे तुकडे करा. कुकरमध्ये अर्धी वाटी पाणी, चिमूटभर मीठ आणि ठेचलेल्या आल्यातले निम्मे घालून 3 ते 4 शिट्ट्या करा. जपानी लोक मांसाचे कागदासारखे पातळ काप करून थेट तव्यावर टाकतात. आपल्याकडे तसे काप मिळत नाहीत आणि मटण चिवटही असते, म्हणून कुकर बरा. मटण पक्के शिजल्याची खात्रीही होते.

2) कुकर होईपर्यंत भाज्या चिरा. कोबी फार बारीक नको, दोन बोटे रुंद तुकडे ठेवा. कांदा उभा, गाजर पातळ लांब.

3) दुसऱ्या शेगडीवर पाणी उकळून नूडल्स टाका. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी उतरवा, चाळणीत ओतून गार पाण्याने धुवा आणि अर्धा चमचा तेल चोळून ठेवा. एकच शेगडी असेल तर कुकर उतरल्यावर हे काम करा.

4) सॉसचे सर्व जिन्नस एका वाटीत कालवा. त्यात कुकरमधले 2 चमचे पाणी घाला. उरलेले पाणी फेकू नका, दुसऱ्या दिवशी आमटीला वापरायचे असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर त्याच रात्री मीठ-मिरपूड घालून उकळा आणि गरम पिऊन टाका.

5) मटणाचे पातळ काप करा. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा. थोडे तेल टाकून मटण घाला आणि चरबी सुटून कडा खरपूस होईपर्यंत परता. मटण बाजूला काढा. कढईतली चरबी जास्त वाटली तर थोडी काढून टाका.

6) त्याच चरबीत लसूण, उरलेले आले, कांदा, गाजर आणि मूग 3 मिनिटे परता. मग कोबी घालून 2 मिनिटे. कोबी मऊ पडला पाहिजे, पण त्याला पाणी सुटता कामा नये.

7) नूडल्स आणि मटण घाला. सॉस कढईच्या कडेने सोडा. तापलेल्या लोखंडावर तो करपटसर होतो आणि तोच याकिसोबाचा वास. दोन उलथन्यांनी नूडल्स खालून वर उचला, ढवळू नका, तुटतात. 2 मिनिटांत उतरवून वर पात भुरभुरवा.

एक गोष्ट विसरू नका. गाडीवाल्याची भट्टी मोठी असते, आपला गॅस लहान. पाच जणांचे एकदम कढईत टाकले तर कढई थंड पडते आणि सगळ्याचा गिच्च गोळा होतो. म्हणून पाचवा टप्पा झाल्यावर भाजी, नूडल्स, मटण आणि सॉस यांचे दोन भाग करून दोनदा परता. पाच मिनिटे जास्त लागतील, पण नूडल्स सुटसुटीत होतील.

वरून काय घालाल?

जपानमध्ये फुजिनोमिया नावाचे शहर आहे. तिथले लोक याकिसोबावर सुक्या मासळीची पूड घालतात, आणि चरबी कढवून उरलेला मांसाचा चुराही वापरतात. योकोते शहरात वर अर्धे तळलेले अंडे ठेवतात. 2006 मध्ये हाचिनोहे येथे स्वस्त गावरान पदार्थांची देशव्यापी स्पर्धा पहिल्यांदा भरली. तिच्यात फुजिनोमियाचा याकिसोबा पहिला आला, पुढच्या वर्षीही तोच. 2009 मध्ये योकोतेने बाजी मारली. गरिबांच्या पदार्थाने आपल्या गावाचे नाव देशभर नेले. आपल्या घरात सुकट किंवा जवळा असेलच. तो निवडून, कोरडा भाजून, चुरून वर घाला. मुलांना चव फार आवडते. अंडे घालायचे तर ते पूर्ण शिजवा.

तब्येतीचे थोडे

डुकराच्या मांसात ब-1 जीवनसत्त्व इतर मांसांपेक्षा पुष्कळ जास्त असते. पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळात ते फार थोडे उरते. 1880 च्या दशकात जपानी आरमारातले खलाशी भातावर राहून बेरीबेरीने मरत. डॉ. ताकाकी कानेहिरो यांनी त्यांच्या जेवणात मांस आणि जव वाढवले, आणि आजार हटला. कारण पुढे कळले, ब-1 ची कमतरता. मात्र चरबी आणि मीठ यांवर लक्ष हवे. सोया सॉस खारटच असतो, म्हणून नूडल्समध्ये वेगळे मीठ घालू नका. घरात ब्लडप्रेशरचा त्रास असलेले कोणी असेल तर त्यांच्या वाट्याचा सॉस निम्मा करा. अजिनोमोटोची गरज नाही. ते विष नव्हे, 1908 मध्ये इकेदा किकुनाए या जपानी शास्त्रज्ञाने समुद्रशेवाळातून ती चव शोधून काढली. पण मटण, सुकट आणि सोया सॉस असताना ते घालून काय मिळवायचे?

आपल्यातल्या अनेक घरांत डुकराचे मटण पूर्वीपासून खात नाहीत, काहींनी मांस सोडलेही आहे. त्यांच्यावर जबरदस्ती नाही. कोंबडीचे मटण, चार अंड्यांची भुर्जी किंवा भिजवून पिळलेल्या सोयाबीन वड्या घातल्या तरी पदार्थ छान होतो. वड्या असतील तर तेल चमचाभर वाढवा.

पण जे खातात, त्यांना एक सांगावेसे वाटते. काळ्या पिशवीत दडवून आणायचे, खिडक्या लावून शिजवायचे आणि शेजारी विचारील म्हणून मुलांना गप्प करायचे, हे किती दिवस चालायचे? घाणीची लाज जरूर बाळगावी. कष्टाच्या पैशाने आणलेल्या, स्वच्छ निवडलेल्या आणि नीट शिजवलेल्या अन्नाची लाज कसली? शेजारी नाक मुरडतो म्हणून मुलाने आपल्या ताटाकडे मान खाली घालून बघू नये. ही शिकवण शाळेत मिळत नाही, ती चुलीपाशीच द्यावी लागते.

आणि हो, भाजी चिरण्याचे काम घरच्या पुरुषाकडे आणि थोरल्या मुलांकडे द्या. आई दिवसभर राबून येते, बाबाही येतात. चार हात लागले तर हे जेवण अर्ध्या तासातच पानावर येते. करून पाहा, आणि तुमच्या घरी सुकट आवडली की अंडे, तेही कळवा.