आधी कचरा खाली आणा

आम्ही सातारा, कोल्हापूर, पुण्याकडचे निवृत्त फौजी, आणि आमच्यासोबत गडांवर प्लास्टिक वेचणारी ट्रेकर पोरं. चळवळीला नाव ठेवलेलं नाही; नावं ठेवायला लोक आहेतच.

आमच्यातल्या काहींनी सियाचीनवर हिवाळे काढलेत. तिथे पाणी हवं तर बर्फ वितळवा, आणि बर्फ वितळवायचा तर रॉकेल जाळा. झोपडीत बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, धुमसत राहते. सकाळी थुंकलं की थुंकी काळी. रिकामे जेरीकॅन, पॅराशूटच्या चिंध्या, पिंपात भरलेला मैला हिमभेगेत ढकलला की डोळ्याआड. पण त्या थंडीत काही कुजत नाही, आणि हिमनदी चालते. 1984 पासून पोटात घेतलेलं ती सावकाश नुब्राच्या उगमाशी आणून ठेवणार. नुब्रा श्योकला मिळते, श्योक बाल्टिस्तानात सिंधूला. साल्टोरो डोंगररांगेपलीकडच्या पाकिस्तानी चौक्यांची घाणही शेवटी श्योकमध्येच उतरते.

आपल्या लष्कराने कचरा खाली आणायला सुरुवात केली, त्याला सलाम. पण अर्धं अंगण झाडून भागत नाही.

आमची मागणी एकच: हे काम दोन्ही लष्करांनी एका हिशेबाने करावं. रॉकेल किती वर चढलं ते कुणी सांगू नये, त्यावरून माणसं मोजता येतात. चाळीस वर्षांच्या जुन्या ढिगातलं किती खाली आलं, तेवढं वजन दोन्ही लष्करांमधल्या हॉटलाइनवर कळवावं. त्यात कुठलं गुपित फुटत नाही, आणि समोरचा शब्दाला किती जागतो ते कळतं. मग दोघांनी मिळून श्योकचं पाणी तपासावं.

हे आधी झालेलं आहे. 1996 मध्ये नॉर्वे, रशिया आणि अमेरिकेच्या संरक्षण मंत्र्यांनी आर्क्टिकमधला लष्करी कचरा एकत्र आवरायचं ठरवलं. एकमेकांच्या पाणबुड्यांचा माग काढण्यात उमर घालवलेले अधिकारी एका टेबलाशी बसले, आणि पाणबुड्यांतल्या वापरलेल्या अणुइंधनासाठी 40 टनी पिंप बनवून घेतलं. ती दोस्ती पुढे टिकली नाही, हे खरं. पण पिंप तर झालं!

चौक्या सोडा, असं आम्ही म्हणत नाही. तिथे रात्र काढलेला माणूस ते इतक्या सहज म्हणणार नाही. आम्हाला देशद्रोही म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की 2012 मध्ये ग्यारीच्या तळावर पाकिस्तानचे 140 जण गाडले गेले, 2016 मध्ये सोनम चौकीवर आपले दहा गेले. दोन्हीकडे मारणारा बर्फच होता. मुंबईचे गिर्यारोहक हरीश कापडिया यांचा लष्करातला मुलगा 2000 साली काश्मीरमधल्या चकमकीत गेला, तरी सियाचीनला शांती उद्यान करा, असं ते सांगत राहिले. त्यांना देशप्रेम शिकवायची आमची तरी छाती नाही.

सह्यांसाठी खाली जागा सोडली आहे. उर्दू प्रतही तयार आहे. पलीकडचा, बाल्टिस्तानातल्या स्कर्दूकडचा एखादा निवृत्त सुभेदार भेटला, तर तिच्यावर पहिली सही त्याची घेऊ.