वारसा सांगायचा कोणी?

वारसा म्हटला की आपल्याला जमीन, घर, फार तर दागदागिने आठवतात. त्यांच्या वाटणीवरून भाऊबंदकी होते, कोर्टकज्जे होतात. पण एक वारसा असा आहे की जो कोणी मागत नाही, ज्याचा सातबारा निघत नाही आणि ज्याच्याविषयी घरात कोणी चकार शब्द काढत नाही. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका हा तो वारसा. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयाला हात घालावा का, असे कोणी विचारील. जनुकांचा शोध घेणे हे शास्त्रज्ञांचे काम खरेच. परंतु त्या शोधाचे घरात काय करायचे, हा प्रश्न समाजाचा आहे. म्हणून तो आपलाही आहे.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणारी लहानशी ग्रंथी. वयाबरोबर तिच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा रोग झाला असेल, तर धोका साधारण दुप्पट होतो. स्वीडन, डेन्मार्क व फिनलंडमधील जुळ्यांच्या 44,788 जोड्यांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. हा रोग होण्याच्या प्रवृत्तीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील सुमारे 42 टक्के वाटा आनुवंशिकतेचा असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. 2023 साली तर धोक्याशी निगडित असे 451 जनुकीय फरक एका मोठ्या अभ्यासात नोंदले गेले. त्यांतील बहुतेकांचा परिणाम अगदी थोडा. थेंबे थेंबे तळे साचे, तसा. काही मोजके फरक मात्र एकटेच भारी पडतात. बी.आर.सी.ए.-2 या जनुकातील बिघाड हा त्यांतला प्रमुख.

या जनुकाचे नाव पडले ते स्तनाच्या कर्करोगावरून, आणि त्या नावाने मोठा घोटाळा केला. हा बायकांचा विषय, असे पुरुषांनी धरून चालले. वास्तविक हा जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. त्यातला दोष आईकडून येऊ शकतो, तसाच वडिलांकडूनही. आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे मावशीच्या स्तनाच्या कर्करोगाचा संबंध भाच्याच्या प्रोस्टेटशी असू शकतो आणि आजोबांच्या प्रोस्टेटचा संबंध नातीशी! आपली वंशावळ म्हणजे पुरुषांच्या नावांची माळ. माझ्या घरी तर पणजोबांच्या मागचे नाव कोणाला ठाऊक नाही, आणि पणजी कोणत्या घरातून आली हे कोणी कधी विचारलेही नाही. रोगाची वाट मात्र सासर-माहेर पाहत नाही.

या बाबतीत आइसलँड या छोट्या देशाची कथा विचार करण्यासारखी आहे. तेथील लोकांनी आपल्या वंशावळी शतकानुशतके जपल्या. बी.आर.सी.ए.-2 मधील एक विशिष्ट बिघाड तेथे दर हजारी सहा ते आठ जणांत आढळतो. प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या तेथील रुग्णांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात हा बिघाड होता त्यांना रोग कमी वयात झाला आणि ते त्यातून कमी वर्षे जगले. पुढे वंशावळी आणि जनुकतपासणी यांची सांगड घालून हा बिघाड कोणात आहे, हे तेथील डीकोड या संस्थेला सांगता येऊ लागले. मग प्रश्न उभा राहिला : ज्याने विचारलेच नाही, त्याला दार ठोठावून सांगायचे काय? तज्ज्ञांत वाद झाला. शेवटी 2018 साली संस्थेने अशी सोय केली की, ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने स्वतः मागणी करावी.

मला हा मार्ग योग्य वाटतो. न जाणण्याचाही माणसाला हक्क आहे. धोका म्हणजे निकाल नव्हे. बिघाड असूनही कित्येकांना हा रोग होत नाही. परंतु ज्याला कळले आहे, त्याने ते दडवून ठेवण्याचा हक्क आहे काय? येथे माझे उत्तर निराळे आहे. आपल्याकडे मूत्रविकाराविषयी बोलणे पुरुषाला कमीपणाचे वाटते. शिवाय 'मुलीचे लग्न जमणार नाही' ही भीती असतेच. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याच मुलीला स्वतःच्या धोक्याची जाणीव वेळेवर होऊ नये, ही त्या मौनाची किंमत आहे. अमेरिकेने 2008 साली कायदा करून आरोग्यविमा कंपन्यांना व मालकांना जनुकांवरून भेदभाव करण्यास बंदी केली. आपल्याकडेही असे संरक्षण भक्कम हवे, म्हणजे बोलणाऱ्याला धीर येईल.

कोणी म्हणेल, कळून उपयोग काय? उपयोग आहे. रोग शरीरभर पसरलेल्या 692 पुरुषांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 82 जणांत डी.एन.ए. दुरुस्त करणाऱ्या जनुकांतील जन्मजात दोष सापडले. अशा काही दोषांवर नेमके चालणारे ओलापारिब हे औषध अमेरिकेत 2020 साली या रोगासाठी मंजूर झाले. बी.आर.सी.ए.-2 चा दोष असल्यास चाळिशीपासूनच रक्ताची पी.एस.ए. तपासणी करावी, असा सल्लाही तेथे दिला जातो. मात्र एक सावधगिरी हवी. आजवरचे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहेत. त्यांतून काढलेले छोट्या फरकांचे गणित जसेच्या तसे आपल्याला लावणे धोक्याचे. आपल्या लोकांचा अभ्यास व्हायलाच हवा.

तोवर एक गोष्ट मात्र पैशावाचून करता येईल. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांजवळ बसावे आणि आजोबा, मामा, आत्या, मावशी कोणत्या आजाराने गेले आणि तेव्हा त्यांचे वय काय होते, हे विचारून वहीत लिहून ठेवावे. प्रश्न अवघड वाटेल, कदाचित रागेही भरतील. पण आपल्यातले अनेकजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. घरात पहिली वही आपणच आणली. मग हे पहिले पान आपणच लिहायला नको काय?