धंदा करणाऱ्या बांधवांनो, लिहिते व्हा!

आपल्या समाजातील तरुण आता केवळ नोकरीच्या आशेवर बसून राहात नाहीत, ही समाधानाची गोष्ट आहे. गिरण्या गेल्या, सरकारी भरती आटली, कारखान्यांत कंत्राटी पद्धत आली. तेव्हा कुणी वायरमनचे काम धरले, कुणी केटरिंग सुरू केले, कुणी शिलाई मशीन घेतले, तर कुणी कर्ज काढून टेम्पो घेतला. परंतु धंदा उभा राहिला तरी गिऱ्हाईक कोठून आणायचे, हा प्रश्न उरतोच. त्यावर आपल्याकडे एकच उपाय ठरलेला आहे. १४ एप्रिलला शुभेच्छांचा मोठा फ्लेक्स लावायचा, त्यात आपला फोटो आणि खाली मोबाईल नंबर. जयंती झाली की फ्लेक्स उतरतो आणि नंबरही त्याच्याबरोबर जातो. शिवाय तो वाचतो कोण? आपल्याच वस्तीतले लोक, जे आपल्याला आधीच ओळखतात.

अनोळखी गिऱ्हाईक आज मोबाईलवर शोध घेते. त्याच्या मनात आपले नाव नसते, त्याची अडचण असते. "गीझरला हात लावला की झटका का बसतो?" असे तो विचारतो. त्या प्रश्नाचे सरळ, खरे उत्तर ज्याने लिहून ठेवले असेल, त्याच्यावर त्याचा विश्वास बसतो. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, प्रत्येक धंदेवाल्याने आपल्या कामाविषयी छोटे छोटे लेख लिहून ते इंटरनेटवर ठेवावेत.

हा विश्वासाचा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा अधिक छळतो. परमपूज्य बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परतल्यावर त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. काम बरे चालले होते. पण पेढीचा मालक अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती पेढी बंद पडली. सल्ल्यात खोट नव्हती, खोट पाहणाऱ्याच्या नजरेत होती. १९२० साली 'मूकनायक' निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. पण बाबासाहेबांनी लेखणी खाली ठेवली नाही. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली भारतीय चलनाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. पेढी जातीने बुडवली, पण ग्रंथातील विद्वत्ता कुणाला बुडवता आली नाही.

आजही आडनाव विचारून ऑर्डर देणारे लोक आहेत. २०१७ साली पुण्यात एका स्वयंपाक करणाऱ्या बाईवर जात लपवल्याचा आरोप ठेवून पोलिसांत तक्रार झाली होती. ती पुढे मागे घेण्यात आली, पण मनोवृत्ती उघडी पडली. लेख लिहिल्याने ही मनोवृत्ती नष्ट होईल असे आम्ही म्हणत नाही. मात्र लेख वाचणाऱ्याची पहिली गाठ आपल्या ज्ञानाशी पडते, आडनावाशी नंतर. एवढाही फरक मोलाचा आहे. आणि म्हणून लेखाखाली आपले पूर्ण नाव लिहा. लपवू नका.

आता लिहायचे काय? जाहिरात लिहायची नाही. "आमच्याकडे उत्तम व स्वस्त काम मिळेल" हे सगळेच लिहितात. गिऱ्हाईक जे रोज विचारते, ते लिहायचे. वायरमनने लिहावे की, फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घातली, तर फ्यूज उडणार नाही पण भिंतीतली वायर तापून आग लागेल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाचा जीव कसा वाचवतो, अर्थिंग का तपासावे, हे सांगावे. शिवणकाम करणाऱ्या भगिनीने लिहावे की, सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून शिवण्यापूर्वी ते पाण्यातून काढावे आणि वाढत्या मुलाच्या गणवेशाला शिवणीत माया ठेवावी. केटरिंगवाल्याने शंभर पानांना तांदूळ, डाळ, तेल किती लागते याचा हिशोब द्यावा. फुकट सांगितले तर गिऱ्हाईक जाईल, ही भीती खोटी आहे. वाचून अर्थिंग कळते, पण ते करायला वायरमनच लागतो.

"आम्हांला लिहिता येत नाही," असे पुष्कळजण म्हणतील. त्यावर उपाय घरातच आहे. रविवारी संध्याकाळी वडिलांनी किंवा आईने बोलावे आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ते लिहून घ्यावे. मोबाईलवर मराठीत बोलले तरी अक्षरे उमटतात. तीनशे-चारशे शब्द पुरे. महिन्याला दोन लेख झाले, तर वर्षाला चोवीस होतात. मुलांना आईबापाच्या कामाची किंमत कळते, हा नफा वेगळाच.

लेख ठेवायचा कोठे? गूगलवर आपल्या धंद्याची नोंद विनामूल्य करता येते. तेथे पत्ता, वेळ, कामाचे फोटो आणि छोटा मजकूर टाकता येतो. ही नोंद करून देतो म्हणून गूगलच्या नावाने कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. शासनाची उद्यम नोंदणीही विनामूल्य आहे. लेखाखाली आपल्या परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक, कामाचा अनुभव आणि फोन द्यावा. तोच लेख व्हॉट्सअ‍ॅपवरून जुन्या गिऱ्हाइकांनाही पाठवावा.

काही पथ्ये मात्र कडक पाळावी लागतील. दुसऱ्याचा लेख उतरवून आपल्या नावावर खपवू नये, ती चोरी आहे. आजकाल यंत्राकडून घटकेत लेख लिहून मिळतो. शुद्धलेखन तपासायला त्याची मदत घ्या, पण आपला अनुभव त्याला ठाऊक नसतो. गूगलनेही मार्च २०२४ मध्ये ढिगाने तयार केलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध नियम कडक केले आहेत. पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहून घेऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे खोट्या व फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण आपल्याला कायद्याच्या आधी पंचशील आहे. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. सम्यक वाणी आणि सम्यक आजीविका ही अष्टांगिक मार्गाची दोन अंगे, आणि धंद्याविषयीच्या खऱ्या लेखात ती दोन्ही एकत्र येतात. जे काम येत नाही, ते येत नाही असे लिहिणारा माणूस गिऱ्हाइकाला अधिक खरा वाटतो.

पहिल्या महिन्यात फोन वाजला नाही तर निराश होऊ नये. लेखाला रुजायला काही महिने लागतात. तोपर्यंत वेळेवर जाणे, नीट काम करणे आणि पावती देणे चालूच ठेवावे. लेखात एक आणि कामात दुसरे असे झाले, तर लेखाने मिळवलेले गिऱ्हाईक कामाने जाईल.

आमची विहार समित्यांना एक विनंती आहे. वर्षावासात ग्रंथवाचनासाठी लोक जमतातच. त्यातला एक रविवार धंदा करणाऱ्यांसाठी द्यावा. चार शिकलेल्या मुलामुलींनी मोबाईल घेऊन बसावे आणि प्रत्येक कारागिराचा एक लेख त्याच दिवशी पूर्ण करून द्यावा. आपल्या माणसांच्या हातात कसब पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते कागदावर मात्र दुसऱ्यांच्याच नावाने चढले. आता ते आपल्या नावाने चढू द्या.

जयभीम!