पहिल्या छिद्रापूर्वी

घोडेगावच्या बाजारपेठेत उभे राहून युरेनियमची चर्चा करणे वरवर पाहता विनोदी वाटेल. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात युरेनियमचे प्रमाण दहा लाखांत जेमतेम एक भाग, किंबहुना त्याहूनही कमी. येथे कोणी यंत्र लावून जमीन भेदू लागला तर हाती लागेल ते फार तर पाणी, आणि तेही लागेलच अशी हमी नाही. परंतु जी भीमा आपल्या पश्चिमेच्या डोंगरात उगम पावते आणि आपली घोडनदी पुढे जिला जाऊन मिळते, तिचे नाव भूशास्त्राच्या ग्रंथांत एका वेगळ्याच कारणाने येते. पंढरपूर मागे टाकून ही नदी कर्नाटकात शिरली, की कलबुर्गी व यादगीर जिल्ह्यांत चुनखडीचे व इतर अतिप्राचीन खडकांचे थर दिसू लागतात. त्या थरांच्या समूहाला भूशास्त्रज्ञांनी भीमेचेच नाव दिले आहे. तेथे, शहापूर तालुक्यातील गोगी या गावाजवळ, केंद्र सरकारच्या अणुखनिज संचालनालयाने छिद्रे घेऊन युरेनियमचा साठा शोधून काढला. त्याची प्रत देशातील इतर बहुतेक साठ्यांहून सरस आहे. गावकऱ्यांनी मात्र पाण्याची आणि शेतीची काळजी पुढे करून खाणीला विरोध केला. नाव आपल्या नदीचे आणि चिंता गोगीच्या शेतकऱ्याची, अशी ही विभागणी आहे. ती आपल्याला सोयीची आहे, एवढ्याच कारणाने तिच्याकडे पाठ फिरवणे योग्य होणार नाही.

युरेनियमची देशाला गरज आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. १९६९ मध्ये तारापूरचे केंद्र सुरू झाले, तेव्हापासून महाराष्ट्राने अणुवीज वापरली आहे. २००७-०८ च्या सुमारास इंधनाच्या टंचाईमुळे देशातील अणुभट्ट्या क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी वेगाने चालवाव्या लागल्या होत्या. पुढे कझाकस्तान, रशिया, कॅनडा येथून इंधन येऊ लागले. जे आपल्या भूमीत आहे ते आपणच शोधावे, असे सरकारला वाटले तर त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो कोणी शोधावे, कसे शोधावे आणि शोधण्यापूर्वी कोणाला विचारावे, हा.

आजवर हे काम सरकारी खाते करीत आले. १९५१ मध्ये जादुगुडाचा साठा सापडला आणि १९६७ मध्ये स्थापन झालेल्या युरेनियम कॉर्पोरेशनने तेथे खाण चालवली. परंतु खनिजशोधाची जगातील रीत निराळी आहे. कॅनडा व ऑस्ट्रेलियात हे काम मुख्यतः लहान कंपन्या करतात. त्यांच्याकडे खाण नसते, कारखाना नसतो. असतो तो एक परवाना, दोन-चार भूशास्त्रज्ञ आणि शेअर बाजारातून जमवलेला पैसा. त्या पैशातून छिद्रे घ्यायची, हिऱ्याच्या दातांच्या पात्याने खडकाचे लांबच लांब दंडगोल वर काढायचे, ते पेट्यांत रचून तपासायचे आणि निष्कर्ष जाहीर करायचे. निष्कर्ष चांगला असला की शेअर वधारतो आणि मोठी कंपनी येऊन सारे विकत घेते. वाईट असला तर कंपनी नाव बदलून दुसऱ्या डोंगराकडे वळते.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी पाणाड्याचे उदाहरण पुरे. हातावर नारळ ठेवून तो शेतभर फिरतो, जागा दाखवतो, दक्षिणा घेतो आणि निघून जातो. बोअरला पाणी लागले नाही तर कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहते. फरक एवढाच, की पाणाड्या गावातलाच असतो आणि पुढच्या आठवड्यात बाजारात भेटतो. लहान खाणकंपनी पुन्हा भेटत नाही. सगळ्याच कंपन्या लबाड असतात असे नव्हे. जगातील कित्येक मोठे साठे अशाच कंपन्यांनी शोधले आहेत. परंतु ज्याचा नफा शोधाच्या बातमीवर अवलंबून आहे, त्याला त्या जागेच्या वीस वर्षांनंतरच्या पाण्याशी कर्तव्य असण्याचे कारण नाही. १९९७ मध्ये कॅनडाच्या ब्रे-एक्स या कंपनीचे बिंग फुटले. इंडोनेशियातील बुसांग येथून काढलेल्या नमुन्यांत सोन्याचा कस वरून मिसळलेला होता; कित्येक अब्ज डॉलर किमतीची ती कंपनी काही आठवड्यांत मातीमोल झाली. युरेनियमच्या बाबतीत २००७ मध्ये भाव पौंडाला १३० डॉलरच्या वर गेला, तेव्हा अशा कंपन्यांचे पेव फुटले. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर भाव कोसळला आणि त्यातील अनेक दिसेनाशा झाल्या. छिद्रे मात्र जिथल्या तिथे राहिली.

आता आपल्या कायद्याकडे पाहू. २०२३ मध्ये खाण व खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन शोध-परवान्याची नवी तरतूद झाली. तीनुसार २९ खनिजांसाठी खासगी कंपनी विस्तीर्ण क्षेत्रात शोध घेईल. पुढे त्या जागी खाणपट्टा दिला गेला, की पट्टेधारकाकडून मिळणाऱ्या रकमेत तिला वाटा मिळेल. लहान शोधकंपनीची परदेशी रीत ती हीच. युरेनियम त्या २९ च्या यादीत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु वारे कोणत्या दिशेने वाहत आहे हे कळण्यास ज्योतिषी लागत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा संमत केला, १९६२ चा जुना कायदा मोडीत निघाला आणि अणुवीजनिर्मितीचे दार खासगी भांडवलाला उघडले. त्याआधी, सप्टेंबर २०२५ मध्ये, पर्यावरण मंत्रालयाने एक कार्यालयीन ज्ञापन काढून अणुखनिजे व अन्य महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून वगळले होते.

या ज्ञापनाची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही. जनसुनावणी ही फार मोठी देणगी होती असे नाही. मंडप घालायचा, अधिकाऱ्यांनी व्यासपीठावर बसायचे, लोकांनी दोन तास बोलायचे आणि निर्णय दिल्लीत व्हायचा, असेच तिचे स्वरूप बहुधा असे. तरीही ती एक जागा होती, जिथे कंपनीच्या माणसाला गावासमोर उभे राहून उत्तर द्यावे लागे आणि त्या उत्तराची नोंद होई. देशाच्या सुरक्षेचे कारण दाखवून ती जागाच काढून घेतली गेली. ज्या खनिजाबद्दल गावाला सर्वांत अधिक विचारायचे असते, नेमके त्याच खनिजाबद्दल विचारण्याची सोय राहिली नाही.

अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांचे काय, असे कोणी विचारील. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागातील आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, त्यामुळे घोडेगावच्या वाचकाला हा प्रश्न परका नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने खनिजांच्या परवान्यापूर्वी ग्रामसभेची अथवा पंचायतीची शिफारस सक्तीची केली, पण ती फक्त गौण खनिजांपुरती. म्हणजे मुरूम, वाळू, दगड यांच्या पट्ट्यासाठी गावाचे मत हवे. युरेनियमसाठी ते कायद्याने बंधनकारक नाही. कायदा करणाऱ्यांना ही विसंगती दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. त्यातच २०२३ च्या वनसंवर्धन कायद्याच्या दुरुस्तीने ठरावीक अटींवर जंगलातील खनिजशोधाला वनेतर वापराच्या व्याख्येतून सूट देण्याची वाट मोकळी केली.

छिद्र म्हणजे खाण नव्हे, हा युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो अर्धा खरा आहे. शोधाच्या छिद्रातून किरणोत्साराचा प्रलय होत नाही. तशी भीती घालणारे आपल्याच बाजूचे नुकसान करतात. धोका साधा, बोअर घेणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला उमगणारा आहे. भूगर्भात पाण्याचे थर एकावर एक असतात. खोल छिद्र त्यांना एकमेकांशी जोडते. काम झाल्यावर ते सिमेंटने नीट बुजवले नाही, तर खालच्या खनिजयुक्त थरातील पाणी वरच्या विहिरीत येऊ शकते. पिण्याच्या पाण्यात युरेनियम लिटरला ३० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मान आहे. एक-दोन छिद्रांनी बिघडणार नाही. पण तेलंगणात नल्लमलाच्या जंगलात, अमराबाद व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, ८३ चौरस किलोमीटर क्षेत्रावर सुमारे ४,००० छिद्रांचा प्रस्ताव होता. एवढ्या छिद्रांना रस्ते लागतात, यंत्रे लागतात, पाणी लागते. चेंचू आदिवासी आणि शहरांतील सुशिक्षित यांनी मिळून आवाज उठवला, तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये तेलंगण विधानसभेने एकमताने ठराव करून तेथील युरेनियम खाणीला विरोध नोंदवला.

आणि छिद्र म्हणजे खाण नव्हे हे खरे असले, तरी खाणीचा निर्णय छिद्रातच होतो. एकदा पैसा जमिनीत गेला, की तो वसूल करण्याची घाई सुरू होते. आंबेगावकरांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. धरणाला विरोध करण्यासाठी हे सांगत नाही. त्या पाण्यावर अनेकांची शेती पिकते. पण मोजणीची खुंटी ठोकली जाते तेव्हा गाव अजून जागेवर असते, आणि विचारण्याची वेळ ती असते. भिंत उभी राहिल्यावर उरतो तो फक्त मोबदल्याचा हिशेब.

म्हणून शोध सरकारी खात्याने घेवो वा खासगी कंपनीने, पहिल्या छिद्रापूर्वी ग्रामसभेसमोर नकाशा ठेवण्याची सक्ती झाली पाहिजे. सप्टेंबर २०२५ चे ज्ञापन मागे घेतले पाहिजे. छिद्र बुजवण्याचा खर्च परवाना देतानाच अनामत म्हणून घ्यावा, कारण कंपनी उद्या असेलच असे नाही. जादुगुडाच्या गाळतळ्यांभोवतीच्या लोकांच्या आरोग्याविषयी दोन परस्परविरोधी दावे वर्षानुवर्षे चालू आहेत आणि त्यांचा निकाल लागत नाही. सर्वमान्य अशी जुनी मोजमापे हाताशी असती, तर हा वाद इतका लांबला नसता. यास्तव काम सुरू होण्यापूर्वी परिसरातील प्रत्येक विहिरीचे पाणी तपासावे, काम संपल्यावर पुन्हा तपासावे आणि दोन्ही आकडे गावाच्या चावडीवर, गावाच्या भाषेत लावावेत: गोगीत कन्नडमध्ये, नल्लमलात तेलुगूत, आणि उद्या महाराष्ट्रातील एखाद्या गावावर तशी वेळ आली तर मराठीत.