पादचाऱ्याचा हक्क आणि गांवाची भीड

पायीं चालणारा मनुष्य हा रस्त्याचा पहिला धनी होय. गाडीवाट पडली ती पाऊलवाटेवर, आणि डांबरी सडक झाली ती त्याच गाडीवाटेवर. परंतु हल्लीं सडक जसजशी रुंद व गुळगुळीत होत जाते, तसतसा तिच्या कडेनें चालणारा अधिकाधिक संकटांत पडतो. आपल्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारांतून जाणाऱ्या नीरा-बारामती रस्त्यावर पहांटे व दिवेलागणीस कोण चालतें, हें प्रत्येकानें मनाशीं आठवून पाहावें. दुधाची किटली घेऊन निघालेला म्हातारा, शाळेचीं मुलें, पाण्याची पाळी धरण्यास रात्रीं कालव्याकडे जाणारा गडी, खुरपणीहून परतणाऱ्या बाया, आणि हंगामांत कोपीवरून फडाकडे जाणारे ऊसतोडणी मजूर. हीं सर्व आपल्याच घरचीं व आपल्याच शेताच्या आश्रयाचीं माणसें आहेत. बारामती-इंदापूरच्या रस्त्यानें तर दर आषाढांत तुकोबारायांच्या पालखीबरोबर हजारों वारकरी पायीं जातात.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणें सन २०२२ मध्यें देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. म्हणजे दर पांच मृतांमागें सुमारें एक पादचारी. ओला-सुका दुष्काळ पडला तर आपण सभा भरवितों, अर्ज करितों, पंचनाम्यासाठीं तलाठ्याकडे खेपा घालितों. मात्र शेजारच्या घरचा कर्ता पुरुष रस्त्यावर गेला, तर ‘त्याचें नशीब’ म्हणून दहाव्यापर्यंत हजर राहतों आणि पुढें ज्याचा तो आपल्या कामास लागतो. माझें म्हणणें असें आहे कीं, पादचाऱ्याच्या वारसांस कायद्यानें जे हक्क दिले आहेत, ते कोर्टांत बुडण्याच्या आधीं गांवांतच बुडतात. निम्मे भिडेपायीं आणि निम्मे दिरंगाईपायीं. हें बुडणें थांबविणें आपल्या हातचें आहे.

प्रथम पहिल्या घटकेचा विचार करूं. अपघात पाहूनही जवळ जाण्यास माणसें कचरतात, कारण पोलिसांचा ससेमिरा मागें लागेल अशी धास्ती असते. ही धास्ती आतां निराधार आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ यांत सन २०१९ च्या दुरुस्तीनें कलम १३४-अ घालण्यांत आलें असून, जखमीस सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं, व त्यास आपलें नांव सांगण्याची सक्ति करितां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें तर सन १९८९ मध्येंच परमानंद कटारा यांच्या प्रकरणीं सांगितलें आहे कीं, जखमीचा जीव वाचविणें हें डॉक्टरचें पहिलें कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांची वाट पाहूं नये. सबब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका व ११२ वर पोलीस यांस बोलवावें. सन २०२५ च्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें लागू केलेल्या योजनेप्रमाणें अपघातग्रस्तास नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत रोख पैसे न भरतां उपचार मिळतात. रुग्णालयांत पाऊल ठेवतांच या योजनेची विचारणा करावी.

दुसरी गोष्ट वाहनाच्या क्रमांकाची. ज्यानें तो पाहिला असेल त्यानें तो तत्काळ लिहून ठेवावा. ट्रॅक्टरला ट्रॉल्या जोडलेल्या असल्यास त्यांचेही क्रमांक टिपावे. मग पोलीस ठाण्यांत खबर देऊन तिची नक्कल घ्यावी. ज्यानें तहसील कचेरींत आयुष्य घालविलें आहे त्यास पक्कें ठाऊक असतें कीं, खऱ्या हक्काचा मनुष्य कागदावांचून हात हालवीत परत जातो, आणि कागदवाला पुढें सरकतो. खबरेची नक्कल, जागेचा पंचनामा, दुखापतीचा दाखला किंवा शवविच्छेदनाचा अहवाल, औषधोपचाराच्या पावत्या, वाहनाच्या विम्याचा व चालकाच्या परवान्याचा तपशील, एवढे कागद पहिल्या महिन्यांत एका पिशवींत गोळा झाले पाहिजेत.

परंतु खबर देण्याच्या वेळींच भीड आडवी येते. धडक देणारा ट्रॅक्टर बहुधा शेजारच्या गांवचा, पावण्याचा किंवा भाऊबंदाचा असतो. चार वडील माणसें मध्यें पडतात, अंत्यविधीपुरती कांहीं रक्कम हातावर ठेवतात, आणि ‘कशाला कोर्टकचेरी?’ म्हणून प्रकरण मिटलें असें समजतात. हेतु चांगला असतो. फळ मात्र वाईट होतें. प्रत्येक मोटार वाहनास तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा कायद्यानें सक्तीचा आहे, आणि विमा चालू व नियमांत असेल तर भरपाईची रक्कम विमा कंपनी भरते, शेजारी भरत नाहीं. ज्या शेजाऱ्याची भीड धरून विधवा गप्प बसते, त्या शेजाऱ्यानेंच दरवर्षीं हप्ता भरून तिच्यासाठीं ही तरतूद करून ठेविलेली असते! खबर न दिल्यानें शेजाऱ्याची गांठोडी वांचत नाहीं. विमा कंपनीची मात्र वांचते. चालकावर फौजदारी खटला होतो हें खरें. पण हयगयीनें मृत्यू घडविल्याचा गुन्हा गांवच्या तडजोडीनें मिटण्यासारखा कायद्यानें ठेविलेलाच नाहीं.

आतां दाव्यासंबंधीं. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें चालतो, आणि तो जेथें अपघात घडला, जेथें अर्जदार राहतो किंवा जेथें प्रतिवादी राहतो, अशा कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणांत दाखल करितां येतो. त्याचे दोन मार्ग आहेत. कलम १६४ प्रमाणें कोणाचीही चूक सिद्ध न करतां मृत्यूबद्दल पांच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. कलम १६६ प्रमाणें चालकाची हयगय सिद्ध करावी लागते. परंतु तेथें रकमेस अशी मर्यादा नाहीं, व मृताचें वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेलीं माणसें पाहून भरपाई ठरते. कोणता मार्ग घ्यावा हें जाणत्या वकिलास विचारून ठरवावें. कलम १६६ च्या दाव्याची मुदत १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिने अशी झाली आहे. ही मुदतीची तरतूद वादांत असून, निकाल लागेपर्यंत मुदतबाह्य म्हणून दावे फेटाळूं नयेत असा अंतरिम हुकूम सर्वोच्च न्यायालयानें सन २०२५ मध्यें दिला. तरी अंतरिम हुकुमाच्या भरवंशावर बसणें म्हणजे उधारीच्या पाण्यावर ऊस लावणें होय. सहा महिन्यांच्या आंत दावा दाखल करणें हेंच शहाणपण.

आपणां जमीनधारकांस येथें एक खोंच ध्यानांत ठेविली पाहिजे. नोकरदाराचें उत्पन्न पगारपत्रकावरून ठरतें. शेतकऱ्याची जमीन मात्र त्याच्या पश्चात वारसांकडेच राहते. सबब विमा कंपनी म्हणते, ‘उत्पन्न कोठें बुडालें?’ हरियाणा सरकार विरुद्ध जसबीर कौर या सन २००३ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, शेतीच्या उत्पन्नास नेहमींचा नियम जसाच्या तसा लागत नाहीं. तथापि शेत पाहण्यास दुसरा मनुष्य ठेवावा लागेल, हाही विचार झाला पाहिजे. याचा अर्थ असा कीं, नुसता सातबारा पुढें ठेवून भागत नाहीं. मृत मनुष्य स्वतः काय काम करी, पाणी कोण देई, दुभतीं जनावरें कोण पाही, आतां त्या कामास गड्यास काय द्यावें लागतें, याचा पुरावा हवा. कारखान्याच्या ऊसबिलांच्या व दूधसंस्थेच्या पावत्या म्हणूनच जपून ठेवाव्या. घरांतील बाई गेली तर तिचें उत्पन्न शून्य, असेंही मानण्याचें कारण नाहीं. कीर्ति विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या सन २०२१ च्या निकालांत गृहिणीच्या कामाचें मोल सर्वोच्च न्यायालयानें स्पष्टपणें मान्य केलें आहे.

वाहन ठोकर देऊन पळालें व सांपडलें नाहीं, तर बहुतेक लोक हात टेकतात. वस्तुतः अशा प्रसंगासाठीं कलम १६१ खालीं निराळी योजना असून, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये ठरलेले आहेत. त्याचा अर्ज कोर्टांत नेण्याचें कारण नाहीं. तो महसूल खात्याकडे, म्हणजे चौकशी अधिकारी म्हणून नेमलेल्या प्रांताधिकाऱ्याकडे अथवा तहसीलदाराकडे द्यावयाचा असतो, आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पुढें वाहन सांपडून भरपाई मिळाली तर ही रक्कम परत वळती होते, एवढीच अट. आतां या योजनेचा उपयोग किती झाला तो पाहा. सन २०२२ मध्यें देशांत ठोकर देऊन पळून गेलेल्या वाहनांचे अपघात ६७,३८७ झाले; आणि सन २०२२-२३ या आर्थिक वर्षांत आलेले अर्ज अवघे २०५, त्यांतून निकालांत निघाले ९५! हे आंकडे सर्वोच्च न्यायालयापुढें आले, तेव्हां १२ जानेवारी २०२४ रोजीं न्यायालयानें हुकूम केला कीं, एक महिन्यांत वाहनाचा तपास न लागल्यास पोलिसांनीं वारसांस या योजनेची लेखी माहिती द्यावी. पोलिसांकडून पत्र न आलें तरी आपण स्वस्थ बसूं नये. ‘वाहन अज्ञात’ असा उल्लेख असलेली खबरेची नक्कल घेऊन कचेरी गांठावी.

याखेरीज खातेदार शेतकऱ्यासाठीं राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. १० ते ७५ वयाचा खातेदार, किंवा त्याच्या कुटुंबांतील सातबारावर नांव नसलेला एक सभासद, अपघातांत मृत्यू पावल्यास दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे विलंब न लावतां करावा. वकील देण्याची ऐपत नसेल तर तालुका विधि सेवा समिति आहे. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातीचे लोक व अल्प उत्पन्नाचे लोक यांस तेथें वकील फुकट मिळतो. माहितीसाठीं १५१०० हा क्रमांक आहे. ‘मिळालेल्या रकमेंत इतके टक्के माझे’ असा करार वकिलानें करणें त्यांच्या धंद्याच्या नियमांस सोडून आहे. आणि रुग्णालयाच्या दारांत कोऱ्या कागदावर सह्या घेणाऱ्या दलालांपासून तर चार हात दूर राहावें.

येथवर हक्काची बाजू झाली. आतां कर्तव्याची. आपण पायीं चालणारेही आहों आणि वाहनांचे धनीही आहों. कारखान्याच्या हंगामांत रात्रीं रस्त्यावर बंद पडलेली, मागें दिवा वा परावर्तक पट्टी नसलेली उसाची ट्रॉली ही तिच्या आड चालणाऱ्यासाठीं व मागून येणाऱ्यासाठीं काळच उभा असतो. ट्रॅक्टरचा विमा भरला पण ट्रॉलीचा राहिला, शेतीकामाचा विमा घेऊन भाड्यानें ऊस वाहिला, किंवा चालकाजवळ परवाना नव्हता, अशा प्रकरणीं कंपनी अंग काढून घेऊं पाहते. आणि मग भरपाई आपल्या जमिनीवर येऊन बसते. पोरसवदा मुलाच्या हातीं ट्रॅक्टर देण्याची हौस तर अगदींच महाग पडेल. सन २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी चालकाच्या गुन्ह्याबद्दल पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. पायीं चालणाऱ्यानेंही रात्रीं हातांत बत्ती व अंगावर फिकट वस्त्र ठेवावें, आणि पदपथ नसेल तेथें समोरून येणारें वाहन दिसावें म्हणून उजव्या कडेनें चालावें.

कोणी म्हणतील, ‘असे दावे वाढले म्हणजे गांवांत वैर वाढेल.’ माझा अनुभव उलट आहे. वैर वाढतें तें अर्धवट तडजोडीनें. कबूल केलेली रक्कम पुरी मिळत नाहीं, मुलें मोठीं होऊन विचारूं लागतात, आणि दोन घरांचें बोलणें कायमचें तुटतें. रीतसर निकालानें मिळालेली भरपाई कोणाचें उपकाराचें ओझें ठेवीत नाहीं.

शेवटीं एक सूचना. ज्या घरावर प्रसंग येतो, त्या घरास पहिले दोन महिने शुद्ध नसते. आणि नेमके तेच महिने कागदांचे असतात. सबब हें काम घरावर न टाकतां आपल्या संघानें अंगावर घ्यावें. प्रत्येक गांवीं लिहितांवाचतां येणारे व कचेरीची भीति नसलेले दोन सभासद नेमावे. त्यांनीं एक वही ठेवावी, आणि अपघात होतांच तींत तारीख, वेळ, जागा, वाहनाचा क्रमांक व साक्षीदार लिहावे. दुसऱ्या दिवशीं खबरेची नक्कल आणावी. पहिल्या महिन्यांत कृषि कार्यालयाचा, आणि वाहन अज्ञात असल्यास तहसील कचेरीचा अर्ज द्यावा. सहा महिने भरण्याच्या पुष्कळ आधीं वारसांस वकिलापर्यंत पोंचवावें. वारस आपला सभासद असो वा फडावरचा परगांवचा मजूर असो, वही सर्वांस एकच असावी. यास फार खर्च नाहीं. वहीची किंमत व एस.टी.चें भाडें, एवढाच काय तो. पुढील हंगामाच्या मोळ्या सडकेवर येण्याच्या आंत ही वही गांवोगांव सुरू व्हावी, अशी माझी सर्व सभासद बंधूंस आग्रहाची विनंति आहे.