समुद्रावर पिशव्या कुणी सांभाळायच्या?

शिरूर काय नि दौंड काय, सुट्ट्या लागल्या की आपल्याकडून निघालेली गाडी हमखास कोकणात उतरते. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरूड-जंजिरा. घोड आणि भीमा बघत मोठ्या झालेल्या आपल्याला समुद्राचं अप्रूप असणारच. पण मैत्रिणींनो, किनाऱ्यावरचं चित्र जरा आठवून पाहा. पुरुष आणि पोरं पाण्यात, बाई वाळूत. मांडीवर टॉवेल, भोवती चपलांचा ढीग, पर्समध्ये सगळ्यांचे मोबाईल. ‘तू येतेस का?’ असं कुणी विचारलंच, तर आपलं उत्तर तयार असतं, ‘नको बाई, साडी भिजेल.’

२००३ साली ‘चलते चलते’ आला, तेव्हा त्यातल्या ग्रीसने आपल्याला वेड लावलं होतं. तिथल्या बेटांवर सुट्टीला गेलेली माणसं करतात तरी काय? डुंबतात, वाळूत पडून राहतात, संध्याकाळी गावात भटकतात आणि आयतं जेवतात. हे सगळं श्रीवर्धनलाही होतं की! फक्त बाईच्या वाट्याला येत नाही. कारण गॅसची शेगडी, तांदळाची पिशवी आणि मसाल्याचा डबा गाडीत आपल्याबरोबरच आलेला असतो.

शेगडी घरी ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. या गावांत घरगुती जेवण देणाऱ्या बायका आहेत. सकाळी सांगून ठेवलं की दुपारी गरम भात, सोलकढी, खाणाऱ्यांना मासे, न खाणाऱ्यांना उकडीचे मोदक. चार पैसे जास्त जातात, कबूल. पण ते वाचवायला दरवेळी बाईचीच सुट्टी का खर्ची घालायची?

भिजायचं म्हणाल, तर गडद रंगाचा जाडसर पंजाबी ड्रेस घाला, ओढणी काढून ठेवा. खोली किनाऱ्याजवळ घ्या, म्हणजे ओल्या अंगाने बाजारातून चालत यावं लागत नाही. पिशव्यांच्या पाळ्या लावा, अर्धा तास ह्यांची, अर्धा तास भावजींची. आणि सासूबाईंना खोलीत बसवून येऊ नका. घोटाभर पाण्यात हात धरून उभं करा, बघा कशा हसतात!

मात्र समुद्र म्हणजे नदी नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी मुरूड-जंजिऱ्याच्या समुद्रात बुडाले. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढत आत नेतं, तिथे विहिरीतलं पोहणं कामी येत नाही. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा जुना हिशेब आपल्याला सहज जमेल, कारण तिथी आपल्याला पाठ असतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. हा अंदाज झाला, पाण्यात शिरण्याआधी गावातल्या माणसाला विचारायचंच. ओहोटी लागली की बाहेर, आणि एरवीही गुडघ्यापुढे नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र ओहोटीलाच करायची. तिथली वाट खडकांवरून समुद्राकाठाने जाते आणि भरतीला पाण्याखाली असते.

घरच्यांबरोबर हे जमत नसेल, तर भिशीच्या बायकांनी मिळून जावं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. शिरूरहून एसटीने पुणे, पुढे ताम्हिणी घाटातून माणगाव आणि श्रीवर्धन. दौंडकरणींना पुण्यापर्यंत रेल्वे सोयीची, पण अर्ध्या तिकिटाची ही सवलत रेल्वेत नाही, बरं का. खोली शनिवार-रविवार सोडून ठरवा. मधल्या वारी किनारा मोकळा असतो आणि भाड्यातही घासाघीस करता येते. त्यात तर आपला हात कुणी धरणार नाही!