‘न्हवं’वरची लाल रेघ

जपानी शिकणाऱ्या आमच्या सोलापुरी विद्यार्थ्यांच्या ज्या वह्या आम्ही पाहिल्या, त्यांत वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘देशो’ या रूपापुढे दोन अर्थ टिपलेले होते: ‘प्रॉबेबली’ आणि ‘इझन्ट इट’. एकाच शब्दाला इतके दूरचे दोन अर्थ कसे, असे विचारले तर ‘पाठच करायचे’ हे उत्तर. आमचे म्हणणे असे की पाठ करण्याजोगे येथे फारसे काही नाही. ही मुले तेच घरी रोज बोलतात. ते त्यांना दिसू नये याची सोय मात्र आमच्या मराठीच्या तासाने आधीच करून ठेवली आहे.

‘काएत्ता देशो’ म्हणजे ‘परतला असेल’. सूर उतरता ठेवला तर तो निव्वळ तर्क. चढवला तर ‘परतला ना?’, म्हणजे समोरच्याला ठाऊक असावे असे धरून त्याची संमती मागणे. जपानी जे सुराने करते ते मराठी ‘ना’ जोडून करते. दोन्ही ठिकाणी बोलणारा शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवत नाही.

आता शालेय व्याकरणात या ‘परतला असेल’चे नाव काय? पूर्ण भविष्यकाळ! ‘काल रात्रीच परतला असेल’ या वाक्यातही तोच. कालच्या रात्रीचे हे भविष्य वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिताना आम्हा शिक्षकांपैकी कुणाचा हात अडखळू नये, याचे नवल वाटते. ‘पाऊस पडणार’ आणि ‘पाऊस पडेल’ ही दोन्ही वाक्येही एकाच साध्या भविष्यकाळात कोंबलेली. ज्याला बियाणे मातीत टाकायचे आहे, त्या आमच्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विचारा, ती दोन्ही एकच आहेत का? ‘असावा’चे नशीब त्यातल्या त्यात बरे. ‘वाडा जुना असावा’ यातला, खुणा पाहून केलेला तर्क विध्यर्थाच्या एका कोपऱ्यात तरी नोंदला गेला. ‘असेल’ला तेवढीही जागा नाही. काळांचा तक्ता आधी तयार आणि भाषा मागाहून त्यात बसवायची, ही खोड आम्हांस इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने लागली.

दूर टोकियोला जाण्याचीही गरज नव्हती. अक्कलकोटच्या बाजारात ऐकू येणाऱ्या कन्नडचे व्याकरण ‘मळे बंदीतु’ (पाऊस येईल, येऊ शकेल) या रूपाला संभावनार्थक असे स्वतंत्र नाव देते. शेजारणीने आपल्या शंकेला नाव दिले. आम्ही आमचीला भविष्य म्हणून मोकळे झालो.

जपानी माणूस मोघम बोलतो, असा एक लाडका समज आहे. ‘इत्ता देशो!’ म्हणजे ‘म्हटलं होतं ना!’ हे ज्याने आईच्या तोंडून ऐकले आहे, त्याला यात मोघमपणा सापडणार नाही. वडीलधाऱ्यांसमोर असा सूर उद्धट ठरतो, तेथेही आणि येथेही. संमती मागण्यात हक्कही असतो, हे व्याकरणाने सांगायचे असते.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. जपानीच्या वर्गात संमती मागणारा ‘ने’ सुरुवातीच्याच धड्यांत येतो. शुल्क भरून, उच्चार घोटून मुले तो शिकतात. त्याच मुलांनी मराठी निबंधातल्या संवादात ‘आलाय न्हवं?’ लिहिले, तर त्यावर लाल रेघ ओढली जाते. ‘बस की’ यातल्या आर्जवी ‘की’चीही तीच गत. ग्रामीण कथेचे मोठेपण वर्गात शिकवायचे, आणि त्या कथेतली माणसे ज्या शब्दाने एकमेकांना धरून ठेवतात तो उत्तरपत्रिकेत कापायचा, यास आम्ही भाषाशुद्धी म्हणणार नाही. ही रेघ आमच्यापैकी काहींनीही ओढलेली आहे.

परवा एका वहीत आम्ही ‘प्रॉबेबली’ खोडून ‘असेल’ लिहिले, आणि ‘इझन्ट इट’च्या जागी ‘न्हवं?’. मुलीने विचारले, “सर, हे परीक्षेत चालेल ना?” आम्ही ‘चालेल’ म्हणालो. ‘चालणार’ म्हणण्याचे धैर्य झाले नाही.